बेचाळीस शब्दांचा प्रबंध

१४ जून

प्रिय मामा,

सा. न. वि. वि.

फोन केला असता, पण फोनवर तू 'हॅलो, कोण?' याच्या पुढे सरकत नाहीस. तुझा डावा कान गेल्यापासून उजव्यानेही संप पुकारलाय असं मामी म्हणते. म्हणून पत्र. आणि ते मुद्दाम तुझ्या शिवणाच्या दुकानाच्या पत्त्यावर पाठवतेय, कारण तुझ्या घरी बाबा सारखे येतात आणि त्यांच्या हातात ते पडता कामा नये.

बाबांच्या हिशेबाने मी इथे परदेशी भाषेच्या वर्गाला जाते आणि दीड वर्षात एखाद्या मोठ्या कंपनीत दुभाषी म्हणून लागते. वर्गाला मी जातेच. आठ महिने झाले. 'माझ्या काकांची पेन्सिल टेबलावर आहे' हे वाक्य मी झोपेत म्हणू शकते. स्टेशनचा रस्ता चौदा प्रकारे विचारू शकते. समोरच्याने उत्तर दिलं तर काय करायचं, ते पुढच्या पातळीत आहे आणि त्याचा प्रवेश वेगळा.

मागच्या महिन्यात मी बाईंना विचारलं, "या वाक्यात क्रियापद दुसऱ्या जागी बसलंय आणि त्या वाक्यात थेट शेवटी जाऊन बसलंय. का?" बाई म्हणाल्या, "ते तसंच असतं." मी म्हटलं, "पण का तसं असतं?" बाईंनी फळा पुसला. वर्गातली सगळी मुलं माझ्याकडे अशी बघायला लागली, जणू मी तिकीट काढून बसले आणि आता इंजिन उघडून दाखवा म्हणतेय.

त्या बाई रजेवर गेल्यावर आठवडाभर एक म्हातारे बदली शिक्षक आले. त्यांना तोच प्रश्न विचारला. त्यांनी चष्मा काढला आणि म्हणाले, "तुला भाषा शिकायची नाहीये, मुली. तुला भाषा घड्याळासारखी खोलून बघायचीये. त्याला भाषाविज्ञान म्हणतात, आणि त्यात नोकरी नसते." शेवटचं वाक्य त्यांनी इशारा म्हणून सांगितलं असणार. मला फक्त आधीचं ऐकू आलं.

थोडक्यात सांगायचं तर मी भाषाविज्ञानाच्या एम.ए.ची प्रवेशपरीक्षा दिली आणि पास झाले. आता बाबांना तू सांग. आईने सांगितलं तर भांडण होईल, मी सांगितलं तर रडारड होईल, तू सांगितलंस तर निदान कपडे तरी शिवून होतील.

तुझी
भिंगरी


२९ जून

चि. भिंगरीस अनेक आशीर्वाद.

सांगितलं. कसं सांगितलं ते ऐक. तुझे बाबा पॅंटचं माप बघायला आले होते. कच्चे टाके घातलेली पॅंट त्यांच्या अंगावर चढवली, कमरेभोवती बारा टाचण्या लावल्या आणि मग विषय काढला. बारा टाचण्या लावलेला माणूस हातपाय आपटत नाही. एवढं या धंद्यात शिकलोय.

ते म्हणाले, "म्हणजे आता ती किती भाषा बोलणार?"

मी म्हटलं, "एकही नाही. भाषेबद्दल बोलणार."

त्यांनी आरशात स्वतःकडे बघितलं. मग म्हणाले, "म्हणजे स्वयंपाक करायचा नाही, नुसतं स्वयंपाकाबद्दल बोलायचं?"

"तसंच म्हणा."

"ते तर मी घरी रोज करतो. त्यासाठी एम.ए. लागतं?"

मी म्हटलं, फुकट करता म्हणून घरचे ऐकत नाहीत. ती शिकून करेल. यावर त्यांना हसू आलं, टाचणी टोचली आणि त्या गडबडीत परवानगी मिळून गेली. एकच अट आहे. शेजाऱ्यांनी विचारलं तर तू 'भाषा अधिकारी'चा कोर्स करतेयस असं सांगायचं. मी हो म्हटलं. असा कोर्स कुठे असेलही, आपल्याला काय माहीत.

मला स्वतःला तुझा विषय कळला असं वाटतंय. लोक कापड बघतात, तुला वीण बघायचीये. चुकत असेन तर कळव.

मामी म्हणते जेवत जा.

तुझा मामा


८ फेब्रुवारी

प्रिय मामा,

तीन वर्षं होत आली त्या टाचण्यांना. एम.ए. झालं, आता पीएच.डी.ला नाव घातलंय आणि नाव घातल्यापासून डोकं धरून बसलेय.

आमच्या विभागात सात प्राध्यापक आहेत. त्यातल्या प्रत्येकाच्या मते उरलेले सहा भाषावैज्ञानिक नाहीत. एक जण वाक्यांची झाडं काढतात, उलटी, मुळं वर आणि फांद्या खाली. दुसरे म्हणतात झाडं काढणारे सुतार आहेत. माझे मार्गदर्शक, त्यांना आम्ही नुसतं 'सर' म्हणतो, त्यांचा विषय आहे मरायला टेकलेल्या भाषा. एखादी भाषा बोलणारा शेवटचा माणूस आजारी आहे असं कळलं की सर बॅग भरतात. भाषेबद्दल त्यांना खरंच प्रेम आहे. माणूस बरा झाला तर थोडे नाराज होतात, एवढंच.

सरांनी मला सांगितलं, "अशी भाषा आण, की जिला कुणाचा हात लागलेला नाही. बोलणारे जितके कमी तितकं चांगलं." मी चार महिने शोधतेय. डोंगरातली एक सापडली, तर तिच्यावर आधीच तीन प्रबंध. बेटावरची एक सापडली. तिथे आता भाषा बोलणारे दोन आणि तिचा अभ्यास करणारे पाच.

काल वसतिगृहात शर्टाचं बटण लावत होते आणि एकदम आठवलं. मी लहानपणी तुझ्या दुकानात कापडाच्या ढिगावर बसायचे, तेव्हा तू, काजवाल्या मावशी आणि इस्त्रीवाले काका गिऱ्हाइकासमोर काहीतरी भलतंच बोलायचात. गिऱ्हाईक आरशात बघत असायचं आणि तू म्हणायचास, "मावशी, बॉबिन आलंय हं." मावशी तोंडात दोरा धरून हसायच्या. मामा, ती तुमची भाषा होती! बोलणारे तीन! सरांना सांगितलं तर खुर्चीतून उठले. मला शब्द पाठव ना. मग सुट्टीत आवाज पकडायचं यंत्र घेऊन येईन.

भिंगरी


२१ फेब्रुवारी

चि. भिंगरीस आशीर्वाद.

ती भाषा वगैरे काही नाही गं. आमच्या उस्तादांच्या वेळेपासून चालत आलेलं दुकानातलं बोलणं आहे. गिऱ्हाईक समोर उभं असतं, त्याच्याबद्दल बोलायचं असतं, मग काय करणार. पण तू मागतेस तर मावशी आणि इस्त्रीवाल्यांना बसवून यादी केली. ती अशी.

बॉबिन: एकच गोष्ट गोल गोल फिरवून सांगणारं गिऱ्हाईक.
उसवण: शिवलेलं पुन्हा पुन्हा बदलून मागणारं.
घडी: कंबर वाढलेली असताना जुनंच माप लिहा म्हणणारं.
सुई पडली: गप्प बसा, जिच्याबद्दल बोलतोय ती दारात आहे.
बुधवार: कधीच नाही. 'बुधवारी नक्की' म्हटलं म्हणजे कापड अजून कापलेलंही नाही.

असे एकूण अकरा भरले. बाकीचे सहा वेगळ्या कागदावर आहेत, त्यातले दोन मामीने खोडले. तिने खोडलेलेसुद्धा मी खाली बारीक अक्षरात लिहिलेत, कारण तू शास्त्रासाठी मागतेयस.

आता हे कुठे छापणार असशील तर गिऱ्हाइकांची नावं नको. माणसं जुनी आहेत.

उन्हाळ्याच्या सुट्टीत ये. ते आवाज पकडायचं यंत्र आणणार म्हणालीस, आण. मावशी तेव्हापासून केस विंचरून कामाला येते.

तुझा मामा


३ जुलै

प्रिय मामा,

तुझ्याकडचे तीन आठवडे म्हणजे माझ्या आयुष्यातलं सर्वात चांगलं काम. खरं सांगू? पहिल्या दिवशी मी मनातून खचले होते. यंत्र लावलं, वही उघडली आणि अकरा शब्द दुपारच्या आत संपले. सरांना काय तोंड दाखवू असं झालं होतं. आणि मग दुसऱ्या दिवसापासून तुला एकेक आठवायला लागलं! रोज दोन, रोज तीन. तू काज तपासता तपासता सहज म्हणायचास, "अगं हो, त्याला आम्ही अमुक म्हणतो," आणि इस्त्रीवाले काका आधी तुझ्याकडे बघायचे आणि मग मान डोलवायचे. बेचाळीस झाले, मामा! सर म्हणतात, बोलणाऱ्याच्या मनात खोल गाडलेले शब्द असेच वर येतात.

आणि तो 'खिमटूस'! न बोलता दुकानात शिरून नुसतं उभं राहणाऱ्या गिऱ्हाइकाला खिमटूस. सरांनी त्यावर सहा पानं लिहिलीयेत. त्यांच्या मते हा शब्द आपल्या कुठल्याच भाषेतला नाही. फार जुन्या, लोप पावलेल्या भाषेचा तो अवशेष असावा. सूर्यापासून ते मेंढीच्या लोकरीपर्यंत चार व्युत्पत्ती त्यांनी मांडल्यात. तुझ्या उस्तादांचे पूर्वज कुठून आले होते, हे त्यांनी विचारलंय.

गिऱ्हाइकांची नावं कुठेही घातलेली नाहीत. 'गिऱ्हाईक क्रमांक चार, मुलींच्या शाळेच्या मुख्याध्यापिका' असंच लिहिलंय.

भिंगरी


१९ जुलै

चि. भिंगरीस आशीर्वाद.

आमचे उस्ताद कुठून आले होते ते त्यांनाही माहीत नव्हतं. विचारलं की 'बसने' म्हणायचे.

बाई, त्या खिमटूसवर सरांनी फार भर देऊ नये असं मला वाटतं. तसा तो आम्ही फार वापरत नाही. इतरही काही शब्द कमीच वापरतो. पहिल्या यादीतले अकरा मात्र पक्के. प्रबंध त्या अकरांवरच लिहिला तर नाही का चालणार? मला त्यातलं कळत नाही, पण कापड बेताचं असलं की आम्ही बिनबाह्यांचं शिवतो. तेही छान दिसतं.

आणि गावात मुलींची शाळा एकच आहे. हे तुला आठवत असेलच.

मामीचा गुडघा बरा आहे.

तुझा मामा


११ जानेवारी

प्रिय मामा,

अडीच वर्षं प्रबंध लिहिण्यात गेली, पण आता सोबत कात्रण पाठवतेय, चौकटीत लाव!

सरांनी परिषदेत निबंध वाचला. टाळ्या पडल्या. एका वार्ताहराने मुलाखत घेतली आणि रविवारच्या पुरवणीत अर्धं पान आलं: 'तुमचा टेलर तुम्हाला काय म्हणतो?' सरांचा फोटो आहे, हातात कात्री धरून. ती त्यांनी कुठून आणली कुणास ठाऊक. माझा उल्लेख शेवटच्या ओळीत 'एका विद्यार्थिनीने साहाय्य केले' असा आहे. पण बेचाळीसच्या बेचाळीस शब्द छापलेत, अर्थासकट, गिऱ्हाइकांच्या वर्णनासकट, आणि वर गावाचं आणि तुझ्या दुकानाचं नाव. 'गंजकी टाचणी: मुख्याध्यापिका, टोचते आणि वर विषही चढते' यावर सगळा विभाग हसत होता.

वाक्यांची झाडं काढणारे प्राध्यापक पहिल्यांदाच माझ्याशी बोलले. म्हणाले, "हे भाषाविज्ञान नाही, पण छान आहे."

तोंडी परीक्षा मार्चअखेर. दुकानात पेपर येतो ना? लोक काय म्हणाले?

भिंगरी


२५ जानेवारी

चि. भिंगरीस आशीर्वाद.

पेपर आला. सगळ्या गावात आला. तुझं नाव त्यांनी छापलं नाही हे मला आवडलं नाही.

इकडे सगळं ठीक. सध्या दुकानात गर्दी कमी आहे, त्यामुळे कमरेला आराम मिळतोय. मावशी दुपारीच घरी जाते, तिचीही झोप होते. मशीनला तेलपाणी केलं, खिडकी रंगवली. बऱ्याच वर्षांनी एवढी फुरसत मिळाली.

तू परीक्षेकडे लक्ष दे.

तुझा मामा


९ फेब्रुवारी

प्रिय मामा,

तुला फुरसत मिळतेय हे वाचून फार बरं वाटलं. किती वर्षं सांगतेय, जरा कमी काम घे. बघ, शेवटी ऐकलंस!

घाईत आहे. प्रबंधाची बांधणी, चार प्रती, प्रत्येकीवर सात सह्या. सविस्तर नंतर.

भिंगरी


२० फेब्रुवारी

चि. भिंगरी,

मामीचा आशीर्वाद. मी पत्र लिहीत नाही, तुला माहीत आहे. हे तुझ्या मामाला न सांगता लिहितेय.

तो आराम करतोय असं तुला वाटतंय, म्हणून लिहायला बसले. तुझं 'बरं वाटलं' वाचून त्याने पत्राची घडी घातली आणि पुन्हा खिडकी रंगवायला घेतली. ती खिडकी आता तिसऱ्यांदा रंगतेय.

पेपर आला त्याच दिवशी दुपारी मुख्याध्यापिका दुकानात आल्या. हातात कात्रण. काउंटरवर ठेवलं आणि म्हणाल्या, "मास्तर, वीस वर्षं मी तुमच्यासमोर हात पसरून उभी राहिले. मापं दिली. आणि तुम्ही मला हे म्हणत होतात?" तुझा मामा मान खाली घालून उभा राहिला. त्या गेल्या. दुसऱ्या दिवशी शाळेच्या गणवेशांचं काम गेलं, अर्धं वर्ष त्यावरच चालायचं. मग दंतवैद्य आला, मग बॅंकेतले दोघे. चौदा जणांनी कापड न शिवताच परत नेलं. जे चिडले नाहीत ते विचारतात, "मास्तर, मी कितवा शब्द?" आणि हसत निघून जातात, माप न देता.

आता खरं ऐक. 'गंजकी टाचणी' असा शब्द दुकानात कधी कुणी उच्चारला नव्हता. तू यंत्र लावून बसली होतीस, बाई नुकत्या बाहेर पडल्या होत्या, आणि तू विचारलंस, "आणि यांना काय म्हणता?" त्याच्या हातात टाचण्यांची डबी होती. अकरा सोडले तर सगळे शब्द त्याने असेच रचलेत. तुझा तो खिमटूस म्हणजे इस्त्रीवाल्यांना त्याच वेळी शिंक आली. रात्री जेवताना तो मला विचारायचा, "उद्यासाठी दोन शब्द सुचव गं, पोरीचं तोंड उतरलेलं बघवत नाही." त्यातले चार माझे आहेत.

मी त्याला म्हटलं, एक वाक्य बोल ना बाईंसमोर. मी बनवले म्हण, भाचीसाठी बनवले म्हण. माणसं हसतील आणि विसरतील. तर म्हणाला, "आणि मग पोरीकडे काय उरेल? अकरा शब्दांवर डॉक्टर कोण करतं?"

म्हणून तो मार खातोय. परीक्षा होईपर्यंत तोंड उघडणार नाही म्हणतो. मी काही तशी शपथ घेतलेली नाही.

तू काय करायचं ते तू ठरव. पण बरं वाटलं म्हणू नकोस.

मामी


६ एप्रिल

मामा,

मामीवर रागावू नकोस. रागवायचंच असेल तर माझ्यावर रागाव, मी रांगेत पहिली आहे.

मामीचं पत्र मी जिन्यातच वाचलं आणि तिथेच बसले. तुझ्यावर इतकी चिडले की तुझ्या नावाने पत्र लिहून फाडलं. मग कळलं की चिडायचं कारण काय. मी तीन आठवडे तुझ्यासमोर बसले होते. इस्त्रीवाले काका आधी तुझ्याकडे का बघतात, हे मी वहीत टिपलंय. 'दुजोरा देण्याची पद्धत' असं लिहिलंय, मामा. माणसं कशी बोलतात त्याचं शिक्षण सहा वर्षं घेतलं आणि सख्खा मामा मला खूश करायला थापा मारतोय हे मला कळलं नाही. आणि तुझं 'फुरसत मिळाली' वाचून बरं वाटलं. मुख्याध्यापिकेच्या शब्दाला मीसुद्धा हसले होते.

सरांकडे गेले. सगळं सांगितलं. त्यांनी खिडकी लावली.

"किती शब्द खोटे?"

"एकतीस."

"खिमटूसही?"

"ती शिंक होती, सर."

त्यांनी टेबलावरची ती सहा पानं चाळली. मग म्हणाले, "हे बघ, माहिती खोटी असेल, पण सिद्धांत खरा आहे." मी म्हटलं, "सर, त्या माणसाचं दुकान बसलंय." तर म्हणाले, "त्यासाठी तळटीप घालता येईल." मग जवळ येऊन हळूच म्हणाले, "तुला आणि तुझ्या मामाला सोडून हे कुणाला माहीत आहे?" मी म्हटलं, मामीला. त्यावर त्यांना जरा बरं वाटलं. ते मामीला ओळखत नाहीत.

मी आधी पेपरला लिहिलं. त्यांनी छापलं, नवव्या पानावर, पाणी उपसायच्या पंपाच्या जाहिरातीखाली. अर्धं पान चूक आणि चार ओळी दुरुस्ती. पण माझ्या पूर्ण नावाने: 'एकतीस शब्द दुकानात कधीच वापरात नव्हते. ते माझ्या आग्रहापोटी तयार झाले. चूक माझी. दुकानदारांनी कोणत्याही गिऱ्हाइकाचा अपमान केलेला नाही.' सोबत कात्रण आहे. हे एकच काउंटरवर ठेव.

मग तोंडी परीक्षा. बाहेरून एक म्हाताऱ्या परीक्षक बाई आल्या होत्या. सर अगदी टोकाच्या खुर्चीत बसले होते, दाराजवळ. मी उभी राहिले आणि प्रबंध न उघडताच सगळं सांगितलं. झाडं काढणारे प्राध्यापक खुशीत होते.

परीक्षक बाईंनी विचारलं, "एक शब्द बनवायला त्यांना किती वेळ लागायचा?"

मी म्हटलं, "सुईत दोरा ओवायला लागतो तेवढा."

"आणि अकरा शब्द कमी आहेत असं तुला कुणी सांगितलं?"

मी सरांकडे पाहिलं नाही, पण बाईंनी पाहिलं. मग त्या म्हणाल्या, "हा प्रबंध मी पास करू शकत नाही. पण पुन्हा लिहिणार असशील तर मी वाचीन. यंत्र लावून समोर बसलेल्या भाचीला माणूस काय सांगतो आणि का सांगतो, ते लिही. हे खूप जणांच्या बाबतीत झालं असणार. कबूल कुणी करत नाही."

म्हणजे नापास झाले, मामा. अजून दीड वर्ष लागेल. मार्गदर्शक बदलावे लागतील. बाबांना मी स्वतः सांगितलं, टाचण्यांशिवाय. ते म्हणाले, "खोटं बोलला तुझा मामा, मग नापास तू का?" मी म्हटलं, "कारण मी विश्वास ठेवायचं शिक्षण घेतलं नव्हतं, तपासायचं घेतलं होतं." ते म्हणाले, "हं." आणि मग, "जेवलीस का?"

सरांचा निबंध मात्र ग्रंथात छापून येतोय. खिमटूसची सहा पानं तशीच आहेत. त्यांनी एक पाचवी व्युत्पत्तीही जोडली आहे.

तू माझ्यासाठी दुकान पणाला लावलंस आणि मला कळूही दिलं नाहीस. पुन्हा असं केलंस तर तुझ्याशी बोलणार नाही. तुला ऐकू येवो न येवो.

तुझी
भिंगरी


२८ एप्रिल

चि. भिंगरीस अनेक आशीर्वाद.

मामीवर रागावलो नाही. दोन दिवस अबोला धरला, पण ते तिच्या लक्षातच आलं नाही.

तू नापास झालीस याचं मला वाईट वाटलं, ते वाटणारच. मी मदत करायला गेलो आणि तुझंच काम उसवून ठेवलं. तुला हवं ते द्यावं एवढंच तेव्हा डोक्यात होतं. गिऱ्हाइकाला जे शोभत नाही ते मी कधी शिवून दिलं नाही, आणि सख्ख्या भाचीला मात्र मागेल ते देत बसलो. असो. तू उभी राहून सांगितलंस ते मामीने दोनदा वाचून दाखवलं, मोठ्याने. मावशीने पदराने डोळे पुसले आणि मग म्हणाली, "म्हणजे आता पुन्हा यंत्र घेऊन येणार?"

कात्रण काउंटरवर लावलं. लोकांनी वाचलं. आता एक गंमत झालीय. आधी शब्द आहे म्हणून चिडले होते, आता नाही म्हणून चिडतात. दंतवैद्य आला, "म्हणजे माझ्यासाठी खास असं काहीच नव्हतं?" असं विचारून गेला. अगदी हिरमुसला होता. बॅंकेतल्या एकाने तर त्याचा खोटा शब्द ठेवून घेतलाय, मित्रांना सांगतो. आठ-नऊ जणांची कापडं परत आली. शाळेचं काम काही आलं नाही, ते दुसरीकडे गेलं ते गेलं. त्याबद्दल मुख्याध्यापिकांना काही म्हणायचा मला हक्क नाही. यंदा ओढाताण होईल, पण मावशी आणि इस्त्रीवाले दोघं सोबत आहेत.

काल मुख्याध्यापिका आल्या. दुकानात कुणी नव्हतं. कात्रण उभ्या उभ्या वाचलं आणि मला म्हणाल्या, "हे बनवलेलं होतं, ठीक आहे. मग खरा शब्द कुठला?"

मी म्हटलं, "बाई, तुमच्यासाठी शब्दच नाही."

"मास्तर, आता तरी खरं बोला."

म्हणून खरं बोललो. म्हटलं, "शप्पथ, नाही. तुम्ही आलात की आम्ही बोलायचंच थांबायचो. तिघंही. तुम्ही जाईपर्यंत."

मला वाटलं आता या पुन्हा निघून जाणार. त्या गिऱ्हाइकांच्या बाकावर बसल्या. वीस वर्षांत त्यांना तिथे बसलेलं मी पाहिलं नव्हतं. हातातली पिशवी मांडीवर ठेवली. मग म्हणाल्या, "शाळेतही तसंच होतं. शिक्षकांच्या खोलीत मी पाय ठेवला की सगळे गप्प. इतकी वर्षं मला वाटायचं, धाक आहे."

मावशी उठली. काही न विचारता तिने चहा टाकला, चार कप. बाई घेणार नाहीत असं मला वाटलं, पण त्यांनी घेतला. मग कोटाचं माप द्यायला उभ्या राहिल्या. मी टेप टाकला आणि नेहमीसारखा गप्प न राहता विचारलं, "बाई, सुट्टीत कुठे जाता तुम्ही?"

मग त्या बोलायला लागल्या. तासभर बोलल्या. बहिणीबद्दल, शाळेबद्दल, कुठल्या कुठल्या गोष्टी. इस्त्रीवाल्यांनी इस्त्री बंद करून ऐकलं. मावशी दोनदा हसली, एकदा रडली.

काय काय बोलल्या ते मात्र लिहीत नाही. तू छापशील.

तुझा
मामा